मरळ कुणी सोडली

नळशेठना हे नाव दुकानामुळे पडलं. नळ, तोट्या, बेसिनं, टाइल्स, संडासाची भांडी असा सगळा ओला संसार त्यांनी उभी हयात विकला. गावातली निम्मी माणसं सकाळी उठून पहिला हात लावतात तो माझ्या मालाला, असं ते अभिमानाने सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. साठी उलटल्यावर दुकान मुलाच्या हाती देऊन त्यांनी शहराबाहेर घर बांधलं. घरामागे जुन्या वीटभट्टीचा खड्डा होता. भट्टीवाल्यांनी माती काढून काढून तो चांगला खोल केला होता. त्यात पाणी साचायचं आणि डास व्हायचे. दुसऱ्या कुणी तो बुजवला असता. नळशेठनी त्याचं तळं केलं आणि गोदामात वर्षानुवर्षं पडून असलेल्या, कुणीच न घेतलेल्या निळ्या टाइल्स त्याच्या उतरत्या काठाला चहूबाजूंनी बसवल्या. लांबून बघणाऱ्याला वाटे, एखाद्या राक्षसाने न्हाणीघर बांधायला घेतलं आणि भिंती घालायच्या आत त्याचं मन बदललं.

घर बघायला व्याही आले. सुनेचे वडील म्हणजे निवृत्त प्राचार्य. आधी त्यांनी भूगोल शिकवला, मग शिकवणाऱ्यांना शिस्त शिकवली. नोकरी संपली तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. एक वाक्य बोलून ते थोडं थांबत, समोरच्याला लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून. हात पाठीमागे बांधून ते तळ्याच्या काठाने एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "पाणी चांगलं आहे. पण निर्जीव आहे."

हा शब्द नळशेठच्या घशात काट्यासारखा अडकला. जेवताना त्यांनी बायकोला, म्हणजे माईंना, विचारलं की निर्जीव म्हणजे नेमकं काय. चोवीस तास पाणी असतं, गळती नाही, दाब चांगला आहे, अजून काय पाहिजे माणसाला? माई म्हणाल्या की मासे नाहीत, असं म्हणायचं असेल त्यांना. एवढंच ना, मग मासे सोडू, असं म्हणून नळशेठनी वरण ओरपलं. त्या दिवसापासून त्या घरात माशांखेरीज दुसरा विषय निघाला नाही.

शहराच्या कडेला एक बीजवाला होता. माशांची बोटभर लांबीची पिल्लं, ज्यांना धंद्यात बोटुकली म्हणतात, ती तो सिमेंटच्या टाक्यांत वाढवून विके. माणूस गोड. नळशेठनी तळं शोभेल असं काहीतरी पाहिजे म्हटल्यावर त्याने त्यांच्या अंगठ्या बघितल्या आणि सांगितलं की तुमच्यासारख्यांना कोई मासेच शोभतात. लाल, केशरी, पांढरे, वरून बघितले की रेशमाचे तागे उलगडल्यासारखे. नळशेठ खूश झाले. दुसऱ्याच दिवशी प्राचार्य तिथे जाऊन उभे राहिले. दरम्यान त्यांनी मत्स्यपालनावरचं एक पुस्तक वाचून काढलं होतं, म्हणजे आता त्या विषयात त्यांना कुणाकडून शिकायचं राहिलं नव्हतं. त्यांनी बीजवाल्याला पाण्याचे थर समजावून सांगितले. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही, अशी ही आदर्श समाजरचना. बीजवाला म्हणाला, सर, इतकं नीट आजपर्यंत मला कुणीच सांगितलं नव्हतं. तो रोज हेच तीन मासे विकत होता.

पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. नळशेठ म्हणाले कोई. प्राचार्य म्हणाले, कोई म्हणजे माशाच्या वेषातला दिवाणखाना, त्यांच्यामुळे ज्ञानात काडीची भर पडत नाही. नळशेठ म्हणाले की मासे ज्ञानासाठी नाहीत, बघण्यासाठी आहेत, आणि चिखलाच्या रंगाचे मासे चिखलाच्या रंगाच्या पाण्यात सोडून बघायचं काय? मुलाला गळ टाकून बसायची हौस होती, त्याला तिलापिया हवे होते, कारण ते मूर्खासारखे गळाला लागतात असं त्याने ऐकलं होतं. सून दातांची डॉक्टर. तिने एकदाच सांगितलं की घरात डास झालेत, तेव्हा डासांच्या अळ्या खाणारे गप्पी आणा, ते फुकट मिळतात. फुकट या शब्दामुळे ती सूचना कुणी विचारात घेतली नाही. माईंना कुणी विचारलंच नाही, त्या वाढत होत्या.

बरीच वादावादी झाली. एकमेकांचा मान राखायचा म्हणून आवाज चढले नाहीत, पण "व्याहीबुवा" हा शब्द दर वेळी आदल्या वेळेपेक्षा थंड होत गेला. शेवटी घरोघरी होतं तेच झालं. कुणाचंच मन मोडायला नको म्हणून सगळेच मासे आणायचे ठरलं. कोई, कटला, रोहू, मृगळ, तिलापिया, आणि वर बीजवाल्याने आग्रहाने गळ्यात मारलेले काही गवत्या मासे, जे पाण्यातलं गवत खाऊन तळं साफ ठेवतात. गप्पी सोडून सगळे आले.

पहिले काही महिने बरे गेले. नळशेठनी कोई माशांना टाळीची सवय लावली. टाळी वाजवली की ते काठाशी येत आणि त्यांच्या हातातून दाणे खात. त्यातल्या एका लालभडक, पाठीवर पांढऱ्या ठिपक्याच्या मासोळीला त्यांनी महाराणी नाव दिलं आणि ती आपल्याला ओळखते असं ते म्हणू लागले. माई म्हणाल्या, ती दाण्यांना ओळखते. नळशेठना त्यांच्या दुकानातली माणसं नेमकी अशीच ओळखत असत, पण माईंनी ते बोलून दाखवलं नाही.

मग प्राचार्यांनी तळ्याला कमळाचे कंद भेट दिले. पानं वर आली, चांगली ताटाएवढी झाली आणि एका आठवड्यात दिसेनाशी झाली. गवत्या माशांनी ती देठांसकट संपवली होती. प्राचार्यांचं म्हणणं पडलं की हे कोईंचं काम, देखण्या जातींमध्ये मुळातच शिस्त नसते. नळशेठ म्हणाले की व्याहीबुवा, भेट अशी द्यावी की जी खाल्ली जाणार नाही. त्यावर प्राचार्य महिनाभर आले नाहीत. विहीणबाई मात्र दर आठवड्याला येत, माईंबरोबर मागच्या पायरीवर बसून चहा पीत आणि दोघी मिळून नवऱ्यांवर हसत. त्यांच्यात भांडण लावणारा मासा अजून जन्मायचा होता.

दरम्यान तिलापियांनी आपला संसार थाटला. तिलापियाची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून वाढवते. माईंना हे कळल्यावर त्यांना फार कौतुक वाटलं, पण कौतुक आटोपायच्या आत पिल्लांनी तळं भरलं. टाळी वाजवली की आता करड्या, बोटभर माशांचा थवा उसळून येई आणि महाराणीच्या वाटचे दाणे पळवी. मुलाने दोन रविवार गळ टाकला. मासे खरोखरच मूर्खासारखे लागत होते, पण असे चिमुकले की त्याचीच त्याला लाज वाटली. तो पुन्हा क्रिकेट बघू लागला.

पाहुणे येऊन विचारू लागले की एवढे लहान मासे का ठेवलेत. नळशेठना ते झोंबलं. प्राचार्यांनाही झोंबलं, कारण त्यांच्या थरांचा पार बोजवारा उडाला होता. वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही थर तिलापियांनीच बळकावले होते. दोघांनी मनाशी एकच विचार केला, पण तो एकमेकांना सांगण्याइतके त्यांचे संबंध तेव्हा बरे नव्हते.

नळशेठ बीजवाल्याकडे गेले आणि हा माजलेला पोरवडा खाणारं काही आहे का, असं विचारलं. बीजवाल्याने टाकीवरची फळी सरकवली. आत मरळ होती. सापासारखं डोकं, अंगावर काळपट पट्टे, डोळ्यांत कुणाबद्दलही काहीच भावना नाही. ही लहान मासे खाऊन टाकते, असं तो म्हणाला. नळशेठनी एक जोडी घेतली आणि व्याह्यांना कळता कामा नये, नाहीतर ते त्यावर भाषण देतील, असं बजावलं. प्राचार्य त्याच आठवड्यात येऊन एक जोडी घेऊन गेले. शेठना सांगू नका, ते म्हणतील मी त्यांच्या कोईंवर उठलोय, असं त्यांनीही बजावलं. बीजवाल्याने दोघांनाही शब्द दिला आणि दोघांसाठीही पाळला. प्रामाणिक माणूस होता.

विहीणबाई चहाला आल्या तेव्हा प्राचार्य सहज आल्यासारखे सोबत आले आणि पिशवी तळ्यात रिकामी करून हात पुसत चहाला बसले. ते आल्याचं पाहून नळशेठना बरं वाटलं. आपण त्यांना न विचारता प्रश्न सोडवला, या आनंदात त्यांनी व्याह्यांना दोन बिस्किटं जास्त दिली. प्राचार्यही नेमक्या त्याच आनंदात ती खात होते.

तिलापिया झपाट्याने कमी झाले. नळशेठ व्याह्यांच्या देखत म्हणाले की काही गोष्टींना पारखी नजर लागते. प्राचार्य म्हणाले की निसर्ग आपला तोल आपणच सांभाळतो, फक्त त्याला कुणीतरी समजून घ्यावं लागतं. दोघे एकमेकांकडे बघून हसले. लग्नात काढलेल्या फोटोंनंतर ते एकत्र हसत आहेत असं प्रथमच दिसलं.

मग व्यापारी मंडळाची माणसं चहाला आली. नळशेठनी त्यांना काठावर एका रांगेत उभं केलं, बाह्या सरसावल्या आणि टाळी वाजवली. बऱ्याच वेळाने महाराणी एकटीच आली. बाकीचे कोई आज लाजतायत, असं नळशेठ म्हणाले. ते वाकले, हात पाण्याजवळ नेला, महाराणीने तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या खालचं पाणी काळं झालं, मग तिथे एक खड्डा पडल्यासारखा झाला, आणि तो भरून आला तेव्हा नळशेठच्या बोटांवर फक्त दाणे होते. सगळं इतकं चटकन झालं की सिमेंटचा व्यापारी खाली वाकून विचारता झाला, "हे नेहमी असंच असतं का?"

नळशेठचा चेहरा टाइल्सच्या रंगाचा झाला. मागे उभे असलेले प्राचार्य म्हणाले, "मरळ दिसतेय." लगेच त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे पुस्तकात वाचलंय तशी."

"या तळ्यात मरळ नाही," नळशेठ म्हणाले.

"असणं शक्यच नाही," प्राचार्य म्हणाले.

ही दोन्ही उत्तरं सुनेने ऐकली. तिच्या धंद्यात ती रोज ऐकते. दिवसातून दोनदा दात घासता का, हा प्रश्न पुरा व्हायच्या आत माणसं अशीच हो म्हणतात. दोन दिवसांनी प्राचार्यांची दाढ दुखू लागली आणि ते मुलीच्या दवाखान्यात आले. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याखाली कागदी रुमाल अडकवला, दिवा तोंडावर ओढला, तोंड पूर्ण उघडायला लावून आत आरसा आणि लाळ ओढणारी नळी घातली, आणि मग शांतपणे विचारलं, "अप्पा, मरळ तुम्ही सोडली?"

प्राचार्यांना भरपूर काही सांगायचं होतं. निसर्गाचा तोल, भक्ष्य आणि भक्षक, शेठचा अडाणीपणा. पण तोंडात एवढी हत्यारं असताना मुद्देसूद बोलता येत नाही. त्यांच्याकडून एक लांबलचक "आ" निघाला आणि डोळे छताकडे वळले. तिने सुई भरली. आयुष्यात प्रथमच त्यांना उत्तर एका अक्षरात द्यावं लागलं होतं.

सासऱ्यांसाठी तिला एवढे कष्ट पडले नाहीत. तिने बीजवाल्याला फोन करून विचारलं की आमच्याकडे मरळ किती दिल्या. तो म्हणाला की दोन जोड्या, एक शेठना, एक सरांना. कुणाला सांगू नका असं दोघे म्हणाले होते म्हणून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आता विचारलं म्हणून सांगतोय. आणि कोई संपले असतील तर नवीन आलेत.

रविवारी जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांसमोर सांगितलं की तळ्यात चार मरळ आहेत, दोन बाबांच्या, दोन अप्पांच्या. नळशेठनी ताटातली बडीशेप एक एक करून निवडली. प्राचार्यांनी सुजलेल्या गालावर हात ठेवला, जणू त्या गालामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. शेवटी माई बोलल्या. उद्या पंप लावा, तळं उपसा, असं त्यांनी सांगितलं आणि ताटं उचलली. त्या घरात माई क्वचितच हुकूम देत, त्यामुळे तो मोडायचा कसा हे कुणाला माहीत नव्हतं.

पंप दिवसभर चालला. पाणी मागच्या नाल्यात सोडलं होतं. बीजवाला जाळी आणि प्लॅस्टिकचे पिंप घेऊन आला. उरलेले मासे तो कमी भावात परत नेणार होता. संध्याकाळच्या सुमाराला तळाचा चिखल उघडा पडला. विजारी गुडघ्यापर्यंत वर करून दोन्ही व्याही देखरेखीला उतरले आणि निळ्या टाइल्सवरून घसरत थेट तळाशी पोचले, एक बसून, दुसरे पालथे. त्यांना कुणी उचलायला गेलं नाही, कारण तिथवर जायला त्याच टाइल्स होत्या.

चिखलात गवत्या मासे होते, कमळं खाऊन गलेलठ्ठ झालेले. काही कटला, काही रोहू. कोई एकही नाही. आणि मरळ एकच. पण केवढी! बीजवाल्याने दोन्ही हातांनी कवळली तरी ती त्याच्या दोन्ही काखांतून बाहेर येत होती. बाकीच्या तिघी कुठे गेल्या हे तिच्या पोटालाच ठाऊक. बीजवाला तिला काठावरच्या पिंपात टाकत म्हणाला की त्याने आयुष्यात एवढी मरळ पाहिली नाही. कुंपणापलीकडे बघे जमले होते, त्यातल्या एकाने फोटो काढला.

फोटो निघाल्याबरोबर प्राचार्य चिखलातून म्हणाले, "अभ्यास करून निवडली होती मी. जोडीतली मोठी."

"तुमच्या दोन्ही तर मरतुकड्या होत्या," नळशेठ म्हणाले. त्यांनी त्या पाहिलेल्याच नव्हत्या. "ही माझी. माझ्याच तळ्यात वाढलीय."

"वाढली तळ्यात, पण तिची जात मी ओळखली."

"जात तुम्ही ओळखा, मी पैसे मोजलेत."

मग आवाज पहिल्यांदाच चढले. कमळं निघाली, कोई निघाले, थर निघाले. लग्नातल्या मानपानातलं काहीतरी निघालं, जे इतकी वर्षं सगळे विसरले असं सगळे धरून चालले होते. बीजवालाही मान वळवून ऐकू लागला. मरळ हवेतही श्वास घेते आणि ओल्या गवतावरून सरपटत जाते, हे प्राचार्यांच्या पुस्तकात चौथ्या प्रकरणात होतं. तिने पिंप आडवं केलं, गवतावर उतरली आणि अंग वळवत, मुळीच घाई न करता, नाल्याकडे निघाली. विहीणबाईंनी तिला जाताना पाहिलं. त्यांनी माईंच्या कोपराला हात लावला. माईंनीही पाहिलं. दोघींनी चहाचे कप खाली ठेवले आणि ती नाल्यात उतरेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढचे काही दिवस दोन्ही व्याही आपापल्या परिचितांत आपण पाळलेल्या मरळीच्या गोष्टी सांगत हिंडले. हाताचं अंतर दर वेळी वाढत होतं. फोटो दोघांच्याही फोनमध्ये होता, नळशेठच्या फोनमध्ये प्राचार्य कापलेले, प्राचार्यांच्या फोनमध्ये शेठ कापलेले.

नाला शेजारच्या वकिलांच्या बागेतून जात होता. वकील शांत, एकटे, सभ्य गृहस्थ. एका दुपारी त्यांचा निरोप आला की एक मोठा मासा हाती लागलाय, दोघांनी जेवायला यावं. दोघे वेगवेगळे निघाले आणि फाटकात एकत्र पोचले. वकिलांनी मरळ तुकडे करून कुरकुरीत तळली होती. दोघेही पोटभर जेवले. जेवताना नळशेठनी सांगितलं की मासा कसा पोसला यावर चव असते. प्राचार्य म्हणाले की निवडीवर असते. वकील ऐकत होते आणि वाढत होते. हात धुऊन झाल्यावर त्यांनी टॉवेल पुढे केला आणि विचारलं की मग ही नेमकी कुणाची म्हणायची. कारण ती नाल्यातून त्यांच्या हौदात शिरली आणि त्यांनी बारा वर्षं सांभाळलेले सोनेरी मासे तिने एका रात्रीत संपवले. भरपाईचा कागद कुणाच्या नावाने करायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

नळशेठनी टॉवेल सावकाश घडी केला. "व्याहीबुवा अभ्यासू आहेत. निवड त्यांचीच."

"छे छे," प्राचार्य म्हणाले. "शेठच्या तळ्यातली. श्रेय त्यांचंच."

"तुम्ही मोठेपणा देताय."

"तुमचा हक्क आहे तो."

घरी परतताना दोघे एकाच रस्त्याने आले आणि बराच वेळ बोलत आले. वकिलांना सोनेरी मासे सुनेने आणून दिले, कागद झाला नाही. तळ्यात पुन्हा पाणी भरलं आणि तिने आपल्या दवाखान्यातल्या एका बाटलीतून त्यात गप्पी सोडले. ते इतके लहान आहेत की काठावरून दिसत नाहीत. डास गेले. पाहुणे आले की नळशेठ त्यांना काठाशी नेऊन पाण्याकडे बोट दाखवतात आणि हे आता पूर्ण नैसर्गिक ठेवलंय असं सांगतात. प्राचार्य शेजारी उभे राहून मान डोलावतात.

परवा प्राचार्य म्हणाले की एखादं कासव असायला हरकत नाही. नळशेठ म्हणाले, तेच मी म्हणणार होतो. माईंनी नळशेठचा फोन मागून घेतला, चष्मा लावला, बीजवाल्याचा नंबर शोधून काढला आणि पुसून टाकला. विहीणबाईंनी आपल्या नवऱ्यापुढे हात केला.